एकेरी

सोमवारी दुसरी घंटा झाली आणि जिन्याच्या मधल्या वळणावर सातवी ब मधली एक पोरगी पर्यवेक्षिकाबाईंना ‘अगं’ म्हणाली. ‘अगं सोड ना, दुखतंय,’ असं. चांगलं सबंध वाक्य, स्पष्ट उच्चारात, चाळीस पोरांच्या देखत. त्यात ‘बाई’ नव्हतं, ‘अहो’ नव्हतं, निदान ‘सोडा’ म्हणावं तर तेही नव्हतं. वरच्या पायऱ्यांवर कोणीतरी नाकातून फिसकन हसलं, खालून त्याला दुसऱ्याची साथ मिळाली, आणि मग सगळा जिना चिडीचूप झाला. पोरीने मोकळ्या हाताने स्वतःचं तोंड दाबलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आता तोंड दाबतेय, असं बाईंच्या मनात आलं. पण हे मनात यायच्या आधी, पापणी लवायच्या आत, दुसरंच काहीतरी झालं होतं, आणि ते काय झालं हे बाई गुरुवारपर्यंत स्वतःपाशीही कबूल करायला तयार नव्हत्या. पोरीच्या दंडावरची त्यांची बोटं ढिली पडली होती. रागाने नव्हे, लाजेनेही नव्हे. घरातलं कोणी हाक मारतं तेव्हा बाईमाणूस हातातलं काम तसंच ठेवून ‘काय गं’ म्हणतं, तशी ढिली पडली होती. ते ‘काय गं’ ओठांपर्यंत आलंही होतं. ते गिळून बाई म्हणाल्या, ‘ऑफिसात चल,’ आणि आवाज नेहमीसारखाच निघाला.

शिक्षकांच्या खोलीत त्या पोरीला भिंगरी म्हणत. एका जागी ठरली तर शपथ. बाकावर उभी राहायची, प्रयोगशाळेतल्या नळाला अंगठा लावून पाणी उडवायची, आणि जिना तर तिच्या बापाचाच होता. त्या जिन्याच्या मधोमध बाईंनी स्वतः उभं राहून पिवळा पट्टा मारून घेतला होता, चढणाऱ्यांनी एका बाजूने जायचं, उतरणाऱ्यांनी दुसऱ्या. भिंगरी पट्ट्यावरूनच धावत खाली आली आणि बाईंनी तिला धरलं. धरणं ही बाईंची खास विद्या होती. छडी बंद झाली त्याला पुष्कळ वर्षं झाली, चापट बंद झाली, कान बंद झाला, पण धरायला कोणी बंदी केलेली नव्हती. कोपराच्या वर, दंडाच्या आतल्या बाजूला, हाड आणि मांस यांच्या मध्ये एक जागा असते. अंगठा बरोबर तिथे टेकला की आडदांड पोरगंसुद्धा टाचा उचलून उभं राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं बाई मुलाला आधार देऊन नेताहेत. चौतीस वर्षांत ती जागा शोधायला बाईंना कधी बघावं लागलं नव्हतं.

ऑफिसात त्यांनी दार लावलं आणि भिंगरीला टेबलासमोर उभं केलं. ‘दुखतंय म्हणे,’ त्या म्हणाल्या, ‘कोणी हात लावला तुला?’ पोरगी बघत राहिली. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. घाई नव्हती. पोरांना गप्प उभं केलं की निम्मं काम आपोआप होतं हे त्या नव्या शिक्षकांना नेहमी सांगत. ‘सांग की. कोणी हात लावला?’ भिंगरीने एकदा आपल्या दंडाकडे पाहिलं, एकदा बाईंच्या हाताकडे, आणि म्हणाली, ‘कोणी नाही, बाई.’ ‘शाब्बास,’ बाई म्हणाल्या, आणि तिला वर्गात पाठवलं. मग कागद घेऊन तक्रार लिहायला बसल्या. त्यांच्या अक्षराला शाळेत मान होता. कितवी घंटा, कितवी पायरी, पट्ट्याच्या कोणत्या बाजूला, सगळं त्यात होतं. ‘सदर विद्यार्थिनीने पर्यवेक्षिकेस सर्वांसमक्ष एकेरी संबोधून उद्धट वर्तन केले. सबब तिला दहा दिवस घरी बसवावे.’ एक पानभर मजकूर आणि त्यात हात कुठेच नाही. मुद्दाम वगळला असंही नाही. लिहिताना तो आठवलाच नाही, जसा रोजच्या रस्त्यावरचा खांब आठवत नाही.

मुख्याध्यापक बाईंच्याच हाताखालून गेलेले. खुर्चीवर बसल्यापासून त्यांना मधाचं बोट लावायची सवय लागली होती. ‘बाई, दहा दिवस आता नाही जमायचे,’ ते म्हणाले. ‘नियम बदललाय ना. आठवीपर्यंत कोणालाही एकदम घरी बसवायचं नाही. आधी बैठक.’

‘आणि बैठकीतून काही निघालं नाही तर?’

‘तर बघू. तुमचा कागद मी फाडत नाही. बाजूला ठेवतो.’

‘निवृत्तीला चार महिने राहिलेत माझ्या. माझ्याच शेवटच्या वर्षी हे सुचलं सगळ्यांना.’

‘तुमच्या अनुभवाचा बैठकीला फायदाच होईल,’ मुख्याध्यापक म्हणाले, आणि बाईंना त्यांच्या त्या गुळगुळीत दाढीचा मनापासून राग आला. सातवीत असताना हाच मुलगा आठवडाभर घरी बसला होता, ते त्याला सोयीस्करपणे आठवत नसावं. किंवा आठवत असेल, म्हणूनच बैठक. काय सांगावं. माणसं खुर्चीवर बसली की लहानपणीचे हिशेब काढतात, आणि त्याला धोरण म्हणतात.

बैठक म्हणजे खोली नंबर नऊ. तिथे पूर्वी नकाशे आणि मोडके बाक असायचे. आता तिथे समुपदेशक म्हणून आलेली एक पोरसवदा बाई खुर्च्या गोल मांडून बसायची. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. मुलांनी तिला बाई म्हणायचं नाही, ताई म्हणायचं, हा तिचा पहिला हुकूम. आणि ताई म्हटलं की तू आलंच. ‘ताई, तू उद्या येणारेस ना?’ असं पाचवीतलं शेंबडं पोर व्हरांड्यातून ओरडायचं आणि ही हसून हात हलवायची. तिच्या बैठकीत टेबल नसायचं, पुढची जागा नसायची, मागची जागा नसायची. फळा पुसायचं एक जुनं डस्टर हातोहात फिरायचं, ज्याच्या हातात डस्टर त्यानेच बोलायचं. आणि तीन प्रश्न छापलेला एक कागद. काय झालं? कोणाला लागलं? आता काय करायला हवं? लागलं म्हणे. ठेच आहे का ती, बाईंनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं होतं, आणि सगळे हसले होते. हसणाऱ्यांपैकी निम्मे आता आपल्या वर्गातली पोरं निमूटपणे नऊ नंबरला पाठवत होते, कारण तिथून परत आलेली पोरं आठवडाभर तरी बरी वागतात म्हणे. वागणारच. शाळेत गप्पा मारायला मिळाल्यावर कोण वाईट वागेल?

मंगळवार गेला, बुधवार गेला. बाई वर्गांवर फिरल्या, उशिरा येणाऱ्यांच्या डायरीवर शिक्के मारले, घरी जाऊन एका माणसापुरता कुकर लावला, आणि या सगळ्यात तो शब्द दाताच्या फटीत तूस अडकावं तसा जिभेला लागत राहिला. राग होताच. पण नुसता राग असता तर बाईंना त्याचं काही वाटलं नसतं, रागाशी त्यांचं जुनं सख्य होतं. आपल्याला शेवटचं ‘अगं’ कोणी म्हटलं, हे त्या शोधत होत्या, आणि शोधतोय हे लक्षात आलं की चिडत होत्या. नऊ वर्षं झाली. ‘अगं, ती खिडकी लाव जरा,’ असं त्यांच्या मुलीचे बाबा दवाखान्यात दुपारी म्हणाले आणि संध्याकाळी गेले. ज्यांना ज्यांना तो हक्क होता, आई, मोठी बहीण, एक शाळेतली मैत्रीण, ते सगळे त्याआधीच एकेक करून आटोपले होते. राहिलेल्या जगात त्या शाळेत बाई होत्या, शेजारी काकू, बँकेत मॅडम, आणि औषधाच्या दुकानात अलीकडे आजी. सगळे तुम्ही म्हणणारे. इतका मान की त्यात हात घालायला जागा नाही. आणि मुलगी? मुलगीही तुम्हीच म्हणते.

आईला कोणी तुम्ही म्हणतं का? वडलांना म्हणतात, एक वेळ सासूला म्हणतात. आईला पोर दारातून ओरडतं, अगं आई, कुठे आहेस, आणि त्यात कोणाला उद्धटपणा दिसत नाही. मुलगी याच शाळेत होती. सातवीत गेली तेव्हा बाईंकडेच त्या वर्गाचं गणित आलं. ‘फाटकाच्या आत मी तुझी आई नाही. बाई म्हणायचं, तुम्ही म्हणायचं,’ असं बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, आणि सहा महिने पोरीने ते पाळलंही. एका दुपारी बाईंनी अपूर्णांकांचं गणित फळ्यावर घालून तिला पुढे बोलावलं. छेद सारखे करायचे होते, ते तिला होईनात. मागून बाईंचं चालू होतं, लवकर, लवकर, वर्ग थांबलाय तुझ्यासाठी. पोरगी खडू धरून फळ्याकडेच बघत म्हणाली, ‘अगं थांब ना आई, येतंय मला.’ वर्ग खो खो हसला. तिचे कान मागून लाल झालेले बाईंना दिसले. येतही असेल तिला. आणखी अर्धं मिनिट दिलं असतं तर कदाचित आलं असतं. पण बाईंनी तिला तीन दिवस घरी बसवलं, कारण दुसऱ्या कोणाच्या पोरीला बसवलं असतं आणि आपल्या पोरीला सोडलं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. कारकुनाने रजिस्टर पुढे केलं. त्यात शेवटचे दोन रकाने, शिक्षकाची सही आणि पालकाची सही. बाईंनी दोन्ही केल्या, एकाच पेनने, एकीशेजारी एक. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ते पान पालकांच्या सभेत उंच धरून दाखवलं, शिस्त म्हणजे काय ते बघा म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या बाईंना आवडल्या होत्या. नाही कशाला म्हणा.

घरी मुलीचे बाबा एवढंच म्हणाले, ‘अगं, पोर आहे ती. बोलून गेली.’ ‘म्हणूनच,’ बाई म्हणाल्या. तीन दिवस मुलगी घरात एकटी होती. काय करत होती कोणी विचारलं नाही. संध्याकाळी बाई परतायच्या तेव्हा ती खिडकीपाशी बसलेली असायची आणि पुस्तक उघडं असायचं. चौथ्या दिवशी सकाळी दप्तर खांद्याला लावून ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, ‘तुम्ही डबा घेतलात का?’ बाईंना आधी हसूच आलं. ‘घरात गं कसलं तुम्ही,’ त्या म्हणाल्या. मुलगी म्हणाली, ‘सवय राहील.’ रुसवा आहे, चार दिवसांत उतरेल, असं बाईंनी नवऱ्याला सांगितलं. तो सव्वीस वर्षांत उतरलेला नाही. नातेवाईक कौतुक करायचे, काय वळण लावलंय, आईला तुम्ही म्हणते पोरगी, आमच्याकडची कार्टी बघा. मुलगी ते कौतुक मान खाली घालून ऐकून घ्यायची. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही, कधी आवाज चढवला नाही, लग्न ठरवलं तेव्हाही ‘तुमची हरकत नसेल तर’ असं म्हणाली. आता लांबच्या शहरात असते, दर रविवारी अकराला फोन करते. कशा आहात? गोळ्या घेता ना वेळेवर? फोनमध्ये मागून नात किंचाळत असते, अगं आई, बघ ना, अगं आई. आणि मुलगी फोनवर हात ठेवून तिला म्हणते, थांब गं राणी, मी आहे ना. हात नीट बसत नाही. बाईंना सगळं ऐकू येतं.

गुरुवारी तिसऱ्या तासाला बाई नऊ नंबरला गेल्या. चार खुर्च्या होत्या. एकीवर ताई, एकीवर भिंगरी, एकीवर भिंगरीची आई. उरलेल्या खुर्चीची पाठ दाराकडे होती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने मागून बघावं. बाई बसल्या. गोलात बसलं की पाय कुठे ठेवायचे ते कळत नाही. पंखा फिरत होता तरी घाम येत होता, आणि भिंगरीने लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं बाईंना त्या स्वेटरशिवाय दुसरं काही दिसेना. पोरीची आई एका दवाखान्याच्या धुलाई विभागात कामाला होती. बोटांची टोकं पावडरने पांढरी पडून सुरकुतलेली, गळ्यात ओळखपत्र तसंच. दर थोड्या वेळाने ती घड्याळाकडे बघत होती, आणि बघितल्याबद्दल ओशाळत होती.

‘दहा दिवसांचं काय ते सांगा आधी, ताई,’ ती म्हणाली. ‘घरी कोणी नसतं हो. मी सकाळी सहाला निघते. तेवढे दिवस हिला कुठे ठेवू? कुलूप लावून जाऊ का?’

‘त्यासाठीच बसलोय आपण,’ ताई म्हणाली. आवाज असा, जसं काही खोलीत कोणी आजारी आहे. ‘आज इथे तिघींचं जमलं तर तो कागद रद्द. नाही जमलं तर मुख्याध्यापक ठरवतील.’

डस्टर पहिल्यांदा बाईंकडे आलं. इतकी वर्षं हातात वागवलेली वस्तू, पण मांडीवर घेऊन बसायची वेळ कधी आली नव्हती. बाईंनी तक्रारीतला मजकूर जवळजवळ तोंडपाठ म्हटला. पायरी, पट्टा, घंटा. ‘कोणाला लागलं, असं वाटतं तुम्हाला?’ ताईने विचारलं. ‘शाळेला,’ बाई म्हणाल्या. ताईने तेच लिहून घेतलं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. बाईंना तिला एकदा तरी चिडलेली बघायचं होतं. मग डस्टर आईकडे गेलं. तिने ते नीट दोन हातांनी धरलं, दवाखान्यातली वस्तू असल्यासारखं.

‘चुकलंच तिचं, बाई. पण मुद्दाम नाही हो. आम्ही दोघीच घरात, ती मला असंच बोलते, अगं तुगं. आणि दुखलं-खुपलं की तिच्या तोंडून तसंच निघतं.’

‘दुखलं?’ ताई भिंगरीकडे वळली. ‘जिन्यात काही दुखलं होतं का तुला?’

बाईंनी तळहातांवरची डस्टरची भुकटी पदराला पुसली. चौतीस वर्षं, त्यातले चार महिने शिल्लक, आणि ते एका बाहीच्या आत. निरोपाच्या सभेत लोक काय काय बोलतील ते त्यांनी मनातल्या मनात पुष्कळदा ऐकलं होतं. आता त्या सभेत सगळे दुसरंच काही कुजबुजत होते. आईच्या हातातलं डस्टर पोरीच्या हातात गेलं. भिंगरीने मान वर केली आणि सरळ बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत भीती असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती नजर मोजत होती.

‘पाय मुरगळला होता,’ भिंगरी म्हणाली.

‘मग “सोड” कोणाला म्हणालीस?’ ताईने विचारलं. ते वाक्य एव्हाना शाळाभर झालं होतं.

‘मागून मैत्रिणीने दप्तर ओढलं. मला वाटलं तीच आहे. बाई आहेत ते मला दिसलंच नाही.’

किती सफाईदार. सुंठीवाचून खोकला गेला. पोरीचा उद्धटपणा गेला, बाईंचा हात गेला, एका वाक्यात दोन्ही बाजू धुऊन निघाल्या. बाईंना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी त्या पोरीचा इतका संताप आला की जिन्यातही आला नव्हता. हिने मला वाचवलं. बारा वर्षांच्या पोरीने. आणि हे शिकवलं कोणी तिला? दार लावून, चष्मा पुसत, घाई न करता. शाब्बास म्हणून.

‘आता काय करायला हवं, असं तुला वाटतं?’ ताईने तिसरा प्रश्न विचारला.

भिंगरी उठून उभी राहिली. उठायची गरज नव्हती, नऊ नंबरमध्ये कोणी उठत नाही. डस्टर तिने खुर्चीवर ठेवलं, स्वेटरच्या बाह्यांची टोकं मुठीत धरली आणि म्हणाली, ‘बाई, माझी चूक झाली. आपण मला क्षमा करावी. यापुढे मी आपल्याशी नेहमी आपण म्हणूनच बोलेन.’

कुठे अडखळली नाही. शब्दांना इस्त्री केलेली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, ताई हळूच हसली, आणि कागदावर लिहू लागली. बाईंना हा आवाज ओळखीचा होता. दर रविवारी अकरा वाजता तो त्यांच्या गोळ्यांची चौकशी करायचा. सव्वीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या दारात, दप्तर खांद्याला लावून, तो पहिल्यांदा आला तेव्हा त्यांना हसू आलं होतं. आता त्यांना कळलं की तो रुसवा नव्हताच. मुलीने दार लावून घेतलं होतं, आणि इतक्या अदबीने लावलं होतं की कडीचा आवाजही झाला नाही.

ताईने डस्टर उचलून बाईंना दिलं. ‘बाई, तुम्हाला मान्य आहे ना?’

हो म्हणायचं आणि उठायचं. चौथा तास सुरू व्हायला आठ मिनिटं होती. बाई म्हणाल्या, ‘हिचा दंड मी धरला होता.’

आईची नजर घड्याळावरून बाईंच्या हाताकडे आली.

‘जोरात धरला होता. अंगठा रुतवून. म्हणून ती बोलली. मैत्रीण वगैरे कोणी नव्हतं तिथे. तक्रारीत मी ते लिहिलं नाही.’ बोलताना त्यांना फार चांगलं वाटत होतं असं नाही. उलटी होताना वाटतं तसं वाटत होतं. पण पोरीच्या तोंडावर काहीतरी हलेल, रडेल, चिडेल, एखादा शब्द फेकून मारेल, याची त्या वाट बघत होत्या. मारावा तिने. हव्या त्या भाषेत मारावा.

ताईने पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच तिचा आवाज तिचा स्वतःचा वाटला. ‘असं झालं होतं का? घाबरू नकोस. मी आहे इथे.’

‘बाही वर कर गं,’ आई म्हणाली. तिचा हात पोरीच्या स्वेटरकडे गेला.

‘आई, तू गप बस ना गं,’ भिंगरी म्हणाली, आणि हात मागे घेतला. मग बाईंकडे वळून, त्याच इस्त्रीच्या आवाजात, ‘नाही बाई. आपण मला हात लावला नव्हता.’

‘अगं, खोटं कशाला बोलतेस?’ बाई म्हणाल्या. तो शब्द त्यांच्याच तोंडून आला होता, आणि तो जिथे पडला तिथून उचलायला कोणी वाकलं नाही.

‘सोमवारी आपण विचारलं होतंत ना मला, ऑफिसात,’ भिंगरी म्हणाली. ‘तेव्हाच सांगितलं होतं मी.’

ताईने कागदावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. एकीचं म्हणणं असं, दुसरीचं तसं, आणि अपराध कबूल करणारी खोटी पडतेय, असा रकाना त्या कागदावर नव्हता. ‘हे मला मुख्याध्यापकांना सांगावं लागेल, बाई,’ ती शेवटी म्हणाली. ‘सांगा,’ बाई म्हणाल्या. ‘पण मुलगी नाही म्हणतेय, तर ते...’ तिने वाक्य सोडून दिलं. तेही शिकली होती म्हणजे. दहा दिवसांचं काय झालं, आईने दबत विचारलं. रद्द झाले, ताई म्हणाली. आईने सुस्कारा सोडला, पण पोरीच्या बाहीवरची नजर काही काढली नाही. खाली सह्यांसाठी दोन ओळी होत्या. वर, ज्याच्याकडून चूक झाली त्याची सही. खाली, ज्याला लागलं त्याची सही. बाईंनी पेन घेतलं आणि वरच्या ओळीवर, आपल्या मान असलेल्या अक्षरात, सही केली.

भिंगरीने वाकून पाहिलं. ‘बाई, ती जागा माझी आहे,’ ती म्हणाली. ‘आपली खाली.’

ताईने गोंधळून दुसरा कोरा कागद काढला. तिन्ही उत्तरं पुन्हा उतरवली, दंडाबद्दल एक ओळ बारीक अक्षरात समासात लिहिली. भिंगरीने वरच्या ओळीवर सही केली, कागद फिरवून बाईंसमोर सुलट धरला आणि पेन उलटं करून, टोक स्वतःकडे ठेवून, त्यांच्या हातात दिलं. असं पेन द्यायला बाईच शिकवत, पाचवीपासून. ज्याला लागलं त्याच्या ओळीवर त्यांनी सही केली. मायलेकी उठल्या. भिंगरी दारात थांबून म्हणाली, ‘येते बाई,’ आणि दार मागे हलकेच लोटून घेतलं.

बाई बसून राहिल्या. ताई खुर्च्या भिंतीला लावत होती, काही बोलावं की नाही या विचारात. व्हरांड्यात आईची पावलं घाईघाईने निघाली होती, कामावर परत पोचायचं होतं तिला, आणि तिच्यामागे पळणारी दुसरी पावलं. लोटलेल्या दाराच्या फटीतून आवाज आला, मोकळा, थोडा रडवेला, सोमवारचाच.

‘अगं, थांब ना.’

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या परत बसल्या.